श्रेय वेदनेला देऊ नका

परवा एका मित्राच्या घरी जुन्या रेकॉर्ड ऐकायला जमलो होतो. साठच्या दशकात गाजलेली आणि सत्ताविसाव्या वर्षी हेरॉइनच्या नशेनं गेलेली अमेरिकन गायिका जॅनिस जॉप्लिन, तिचं 'बॉल अँड चेन' संपलं, सुई उचलली गेली आणि नेहमीचा वाद पेटला. गिटार वाजवणारा एक विशीतला मुलगा म्हणाला, "इतकं भोगलं म्हणून ती असं गायली. सुखात असती तर हा आवाज आलाच नसता." माझ्या वयाचे एक गृहस्थ उसळून म्हणाले, "देवानं गळा दिला आणि बाईनं मातीत घातला. शिस्त म्हणून नाही!" पुढचे दोन तास दोघं आपापल्या जागेवरून तसूभर हलले नाहीत. दोघांचं गृहीतक एकच आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाणं आणि हेरॉइन एकाच झऱ्यातून आलं, असं दोघंही मानून चालले होते. एकाला तो झरा पवित्र वाटत होता, दुसऱ्याला गढूळ, एवढाच काय तो फरक.

मला हे गृहीतकच मान्य नाही. जॅनिसचा आवाज वेदनेनं घडवला नाही. तो ऐकण्यातून, नक्कल करण्यातून, चुकण्यातून आणि अफाट महत्त्वाकांक्षेतून घडला. नशेनं त्या आवाजाला काही दिलं नाही, फक्त घेतलं. आणि "भोगलं म्हणून गायली" हे वाक्य दिसतं सहानुभूतीचं, पण त्यात एक क्रूरपणा दडलेला आहे. कलावंत आपल्या डोळ्यांदेखत बुडत असताना काठावर उभं राहून टाळ्या वाजवायची मुभा ते आपल्याला देतं.

त्या मुलाच्या बाजूनं जे बोलता येईल ते आधी बोलू, कारण ते खोटं नाही. जॅनिसचा जन्म 19 जानेवारी 1943चा, टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावातला. वडील टेक्साको कंपनीत इंजिनिअर, घर मध्यमवर्गीय, पुस्तकांचं. शाळेत मुलांनी तिला छळलं. चेहऱ्यावरून, वजनावरून, आणि काळ्यांना वेगळं ठेवू नये असं ती उघड म्हणायची म्हणूनही. 1962मध्ये टेक्सास विद्यापीठात 'कॅम्पसवरचा सर्वांत कुरूप पुरुष' या तथाकथित गमतीच्या स्पर्धेत तिचं नाव घातलं गेलं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं! पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेली, मेथॅम्फेटामीन या नशेच्या विळख्यात सापडली, 1965मध्ये वजन चाळीस किलोच्या आसपास उतरलं. या सगळ्याचा ओरखडा तिच्या आवाजात ऐकू येत नाही, असं कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. ब्लूज हा अमेरिकेतल्या काळ्यांचा गानप्रकारच मुळी गुलामगिरी आणि तिच्यानंतरच्या जुलमातून वर आला. दुःखाचा आणि ब्लूजचा संबंध नाकारणं म्हणजे त्या गाण्याचा इतिहासच नाकारणं.

पण दुःख हा कच्चा माल आहे, आणि तो जगात मुबलक आहे. पोर्ट आर्थरमध्ये छळ सोसलेल्या मुली काय थोड्या होत्या? त्या सगळ्या जॅनिस का झाल्या नाहीत? कारण जॅनिसनं त्या वयात आणखी एक गोष्ट केली. बेसी स्मिथ, मा रेनी, लेडबेली, ओडेटा या ब्लूज आणि लोकगीतं गाणाऱ्या काळ्या गायकांच्या रेकॉर्ड तिनं झिजेपर्यंत ऐकल्या. ओडेटाची नक्कल करून मित्रांना चकित केलं. बेसीचा एकेक झोल, एकेक हेल गळ्यावर चढवला. ऑस्टिनमध्ये केनेथ थ्रेडगिल यांच्या बारमध्ये, पूर्वीच्या पेट्रोलपंपाच्या इमारतीत, ती लोकांसमोर गाऊ लागली. आपल्याकडे याला तालीम म्हणतात. घराण्याचा गंडा बांधलेला नव्हता एवढंच. गुरू रेकॉर्डच्या तबकडीत होते.

ब्लूजच्या रचनेकडे तरी पाहा. बारा मात्राखंडांचं ठरलेलं आवर्तन, एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. हे आवर्तन दुःखाला आवर घालतं, ठेक्यात बसवतं, म्हणून ते गाता येतं. जात्यावरच्या ओवीतही बाई सासुरवासच गाते, पण दळणाच्या लयीत. हंबरडा फोडणं आणि ओवी म्हणणं यांत जे अंतर आहे तेच कलेचं घर आहे, आणि ते अंतर कापायला मेहनत लागते.

तारखा लावून पाहिल्या तर वेदनावाद्यांची आणखी पंचाईत होते. मे 1965मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या मित्रांनी पैसे गोळा करून जॅनिसला घरी जायचं बसचं तिकीट काढून दिलं. ती पोर्ट आर्थरला परतली, केस नीट बांधून कॉलेजात जाऊ लागली, एका समुपदेशकाशी बोलू लागली. नशेशिवाय गाणारीचं आयुष्य जगता येईल का, ही तिची त्या काळातली धास्ती. जून 1966मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला परत गेली ते 'बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी' या बँडमध्ये गायला. तिथे ज्याच्यासोबत घर घेतलं त्याच्याकडून तिनं वचन घेतलं, या घरात नशेची सुई येता कामा नये. दारू होती, खूप होती. पण कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवापर्यंतच्या त्या वर्षभरात ती सुईपासून बरीचशी दूर होती. म्हणजे जो आवाज ऐकून जून 1967मध्ये मॉन्टेरीत प्रेक्षकांतली मामा कॅस ही नामवंत गायिका तोंडाचा आ वासून बसली, तो सावरण्याच्या काळात पिकला होता. आणि मॉन्टेरीची गोष्ट तरी किती बोलकी! शनिवारी तिचं गाणं प्रचंड रंगलं, पण बँडच्या तेव्हाच्या व्यवस्थापकानं चित्रीकरणाला परवानगी दिली नव्हती. आपण काय गमावलं हे कळताच बँड रविवारी पुन्हा रंगमंचावर उभा राहिला, आणि महोत्सवावरच्या चित्रपटात आपण पाहतो ते हे दुसरं गायन. तोच हंबरडा, तीच आर्त किंकाळी, दुसऱ्याच दिवशी पुन्हा, कॅमेऱ्यासाठी. ज्याला आपण उत्स्फूर्त वेदना म्हणतो ती तिला पुन्हा उभी करता येत होती. हे कसब आहे.

आता 'बॉल अँड चेन' गाणं मुळात कुणाचं? बिग मामा थॉर्नटनचं. 1926मध्ये अलाबामात जन्मलेली ही काळी गायिका. 'हाउंड डॉग' तिनं एल्विसच्या कितीतरी आधी गायलं. 'बॉल अँड चेन' तिनं लिहिलं, एका कंपनीसाठी रेकॉर्डही केलं. कंपनीनं ती रेकॉर्ड बाजारात आणली नाही, हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. त्यामुळे जॅनिसच्या आवाजात ते गाणं जगभर गेलं तेव्हा रचनेच्या पैशांचा मोठा वाटा थॉर्नटनपर्यंत पोहोचलाच नाही. जॅनिसनं तिची परवानगी मागितली होती, तिचं नाव ती आवर्जून घ्यायची, हे खरं. तरीही एक गोरी मुलगी काळ्या बाईचं दुःख गाऊन मोठी झाली, या टीकेत तथ्य आहे, आणि जॅनिसवर माझं कितीही प्रेम असलं तरी ते तथ्य मी पुसणार नाही. मला त्यातून आणखी एक प्रश्न दिसतो. दुःखानंच जर मोठेपण मिळत असेल, तर थॉर्नटनच्या वाट्याला दुःख कमी आलं होतं का? 1984मध्ये लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या खोलीत, दारूनं शरीर पोखरलेल्या अवस्थेत ती गेली. वय फक्त सत्तावन्न. तिच्या मरणाची पोस्टरं कुठल्या वसतिगृहाच्या भिंतीवर पाहिलीत? दुःखाचा गौरव करणारे आपण कुणाच्या दुःखाचा गौरव करायचा तेही निवडतो. काळ्या बाईचं दुःख आपल्याला रोजचं वाटतं, त्याची आख्यायिका होत नाही.

विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा अजून राहिला आहे. तो मुलगा म्हणू शकतो, आणि म्हणालाही, की तिचा सर्वोत्तम अल्बम 'पर्ल' ज्या सप्टेंबर 1970मध्ये रेकॉर्ड होत होता, त्याच आठवड्यांत ती हेरॉइनकडे परत वळली होती. हे खरं आहे. पण 'पर्ल' सप्टेंबरात उगवला नाही. त्याआधीचं पाहा. ऑगस्ट 1969, वुडस्टॉकचा संगीत महोत्सव. कित्येक तास ताटकळत, दारू आणि हेरॉइन घेत, ती मध्यरात्र उलटून गेल्यावर मंचावर आली. गायन इतकं ढिसाळ झालं की तिनं स्वतःच ते महोत्सवावरच्या मूळ चित्रपटात येऊ दिलं नाही. नशेनं गाणं फुलत असेल, तर सर्वांत मोठ्या गर्दीसमोर, सर्वांत जास्त नशेत, ते का कोमेजलं? मग 1970च्या सुरुवातीला ती ब्राझीलला गेली, हेरॉइन सोडलं. नवा बँड बांधला, 'फुल टिल्ट बूगी'. त्या उन्हाळ्यात बाकीच्या संगीतकारांसोबत रेल्वेनं कॅनडा पालथा घातला, रात्ररात्र डब्यात गाणी झाली. 'पर्ल'ची पायाभरणी या महिन्यांतली आहे. निर्माता पॉल रॉथचाइल्ड तिला आवाज उधळू नकोस, राखून वापर, हे शिकवत होता. फरक कानांना कळतो. 'चीप थ्रिल्स' 1968चा. त्यात ती पहिल्या ओळीपासून पेटलेली असते. 'पर्ल'मध्ये 'अ वुमन लेफ्ट लोनली' ऐका, किती खालून, किती सावकाश सुरू करते, चढायचं कुठे हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती घडत होती. हेरॉइन त्या घडण्यात मध्येच येऊन पडलं.

आणि हसणं! वेदनेच्या पुजाऱ्यांनी जॅनिसचं हसू चोरलं, याचा मला खरोखर राग येतो. 1 ऑक्टोबर 1970ला तिनं एका दमात, वाद्यांशिवाय, नुसता पायानं ठेका देत 'मर्सिडीज बेन्झ' गायलं. देवाकडे गाडी मागणाऱ्या भाबड्या भक्ताचं गाणं. सुरुवातीला ती गंभीर चेहऱ्यानं सांगते की हे मोठ्या सामाजिक आणि राजकीय महत्त्वाचं गीत आहे, आणि शेवटी खुदकन हसते. ते हसू रेकॉर्डवर आहे. तीन दिवसांनी मरणाऱ्या बाईचा तो आवाज आहे, पण मरणाची छाया त्यात शोधू नका. तिथे एक विनोदी, हुशार, आपल्या कामावर खूश असलेली सत्तावीस वर्षांची गायिका आहे.

दुसऱ्या गृहस्थांच्या 'शिस्ती'कडे वळतो. बेफिकिरी होती, नाकारत नाही. पण जिनं रेकॉर्डिंगच्या वेळा पाळल्या, घरी आईवडिलांना सविस्तर पत्रं लिहून आपल्या कामाचा हिशेब दिला, तिला शिस्त नव्हती हे खरं नाही. व्यसन हा आळसाचा प्रकार नसतो. 1969च्या अखेरीस तिनं डॉक्टर गाठला होता, हेरॉइन सुटावं म्हणून देतात ते मेथाडोन हे औषध घेतलं होतं. सुटली, पुन्हा अडकली. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. काही महिने थांबल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो. त्यात त्या आठवड्यात तिच्या हाती आलेलं हेरॉइन नेहमीपेक्षा बरंच शुद्ध होतं. 4 ऑक्टोबरच्या पहाटे हॉलिवूडमधल्या लँडमार्क हॉटेलच्या खोलीत ती एकटी होती. संध्याकाळपर्यंत स्टुडिओत पोहोचली नाही तेव्हा तिचा रोड मॅनेजर जॉन कुक शोधत गेला. अफूचा विषार उतरवणाऱ्या नॅलोक्झोन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1971मध्ये. बंद दार, एकटेपण, जास्त शुद्ध माल, उतरलेली सहनशक्ती: मरण यातून आलं. यात कलेची आग कुठे आहे? आणि चारित्र्याचा धडा तरी कुठे आहे?

मग ही आगीची गोष्ट का टिकते? कारण ती अनेकांच्या सोयीची आहे. मंचावर जॅनिसच्या हातात 'सदर्न कम्फर्ट'ची बाटली असायची. त्या मद्यकंपनीला एवढी फुकट जाहिरात मिळाली की तिनं मोबदला मागितल्यावर कंपनीनं फरचा कोट घेण्यापुरते पैसे दिले. तिला त्याची गंमत वाटली, मला मात्र तो कोट पाहून गलबलतं. तिचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमननं तिच्यावर अपघाती मृत्यूचा दोन लाख डॉलरचा विमा उतरवला होता. विमा कंपनी ही आत्महत्या आहे म्हणून अडून बसली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1974मध्ये ग्रॉसमनला 1 लाख 12 हजार डॉलर मिळाले. व्यवस्थापकानं विमा उतरवणं हा धंद्याचा रिवाज आहे, त्यात बेकायदा काही नाही. पण 1965चं ते बसचं तिकीट आठवा. तिच्या गाण्यावर कुणाचीच चूल पेटत नव्हती तेव्हा मित्रांनी वर्गणी काढून तिला गाण्यापासून दूर, घरी पाठवलं. पाच वर्षांनी अनेकांच्या चुली तिच्यावर पेटत होत्या. थांब, घरी जा, हे सांगणं तेव्हा किती महाग पडलं असतं!

'सत्तावीसचा क्लब' ही त्याच सोयीची पुढची पायरी. ब्रायन जोन्स, हेंड्रिक्स, जॅनिस, मॉरिसन, मग कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस. सगळे सत्तावीस वर्षांचे असताना गेले. जणू तो आकडाच पछाडलेला आहे. 2011मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर अल्बम गेलेल्या 1,046 संगीतकारांचा त्यात हिशेब होता. सत्तावीस या वयात मृत्यूंची कुठलीही उसळी दिसली नाही. पण विशी-तिशीतल्या या प्रसिद्ध संगीतकारांचा मृत्युदर ब्रिटनमधल्या त्याच वयाच्या इतरांच्या दुप्पट-तिप्पट निघाला. यातली दुसरी गोष्ट गंभीर आहे, कारण तो एका व्यवसायाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. खाणकामगार तरुण मरू लागले तर आपण त्यांचा क्लब काढत नाही, खाण तपासतो.

मरणाची गोष्ट गाण्यावर कशी चढून बसते याचं उदाहरण जॅनिसच्या गुरूच्या बाबतीतच घडलं आहे. बेसी स्मिथ 26 सप्टेंबर 1937ला मिसिसिपीत मोटार अपघातानंतर गेली. गोऱ्यांच्या दवाखान्यानं दाखल करून घेतलं नाही म्हणून गेली, अशी बातमी छापून आली आणि पुढची कित्येक दशकं ती सत्य म्हणून फिरली. रस्त्यात तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं नंतर चरित्रकाराला सांगितलं की तिला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. दवाखाने वेगळे होते हा अन्याय खराच, त्यासाठी दंतकथेची गरज नव्हती. पण गंमत न वाटावी अशी गोष्ट ही, की बेसीच्या मरणाची कथा सगळ्यांना पाठ आणि फिलाडेल्फियाजवळ तिच्या कबरीवर तेहतीस वर्षं साधा दगड नव्हता. तो दगड ऑगस्ट 1970मध्ये बसला. खर्च दोघींनी उचलला: लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसायला जाणारी हुआनिता ग्रीन, आणि जॅनिस. गुरूला मरणकथेतून सोडवून गायिका म्हणून पुन्हा उभं करण्याचं काम जॅनिसनं केलं. आपण तिच्यासाठी तेवढंही करू नये?

हा दोष एकट्या अमेरिकेचा नाही. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण कशी सांगतो? तमाशा चालू असताना कनातीमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. अंगावर काटा येतो, आपण धन्य धन्य म्हणतो. बाळंतीण बाईला त्या रात्री सुट्टी का मिळू शकली नाही, हे किती जण विचारतात? राष्ट्रपतींचा सन्मान मिळालेली ही कलावती अखेरच्या दिवसांत पैशांसाठी अडली होती. विठाबाईंची लावणी नाळ तोडल्यामुळे मोठी नव्हती. ती आधीच मोठी होती.

बाकी राहते एकच शंका, सावरलेला कलावंत फिका पडतो का? बॉनी रेटलाही हीच भीती होती. ही ब्लूज गायिका स्लाइड गिटारही वाजवते, आणि तीही नशेत अडकली होती. गिटारवादक स्टीव्ही रे वॉनला त्यानं दारू-कोकेन सोडल्यानंतर वाजवताना ऐकून ती थक्क झाली. हा शुद्धीत इतका पेटून वाजवतो, तर आता आपल्याला सबब उरली नाही, हे तिला तेव्हा उमगलं. 1987मध्ये तिनं दारू सोडली. 1989मध्ये 'निक ऑफ टाइम' आला आणि पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेऊन गेला. 2023मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, तिला सर्वोत्तम गीताचं ग्रॅमी मिळालं. वॉन स्वतः 1990मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला, पण त्याआधीची शुद्धीतली चार वर्षं त्याच्या गिटारची सर्वांत स्वच्छ वर्षं आहेत. जॅनिस जिला मानायची ती एटा जेम्सही हेरॉइनमधून बाहेर पडून 2012पर्यंत जगली, म्हातारपणी जॅझ गायली. या बायकांनी भोगलं कमी नाही. फरक इतकाच की त्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या.

शनिवार, 3 ऑक्टोबर 1970. जॅनिस लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत गेली. निक ग्रेव्हनाइट्सच्या 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज' या गाण्याचं वादन बँडनं ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. तिनं ते ऐकलं. आवाज दुसऱ्या दिवशी चढवायचा होता. जानेवारी 1971मध्ये 'पर्ल' बाजारात आला, नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि ते गाणं त्यात तसंच आहे, वाद्यांसह, गायिकेशिवाय. त्या मुलाला मी ते लावून दाखवलं. अडीच मिनिटं तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "इथे ती कुठून सुरू करणार होती?"